बहीण अमेरिकेत, एजंट म्हणतो दोन वर्षांत ग्रीन कार्ड. इमिग्रेशनचा वकील कोल्हापुरात बसून कसा शोधायचा?

शाहूपुरीकर (धागाकर्ता) | रविवार, रात्री १०.१५

नमस्कार मंडळी. जरा सविस्तर लिहितो. अर्धवट सांगितलं की उत्तरंही अर्धवट मिळतात.

माझी धाकटी बहीण लग्नानंतर न्यू जर्सीला गेली, त्याला अकरा वर्षं झाली. माझं इथं ऑटो स्पेअर पार्ट्सचं दुकान आहे. थोरला मुलगा दहावीला, धाकटी सहावीला. गेल्या महिन्यात ओळखीच्या एकानं शहरातल्या एका कन्सल्टन्सीत नेलं. तिथले साहेब म्हणाले, "सख्खी बहीण आहे म्हणजे काम झालंच. भावाच्या कोट्यातून फाईल लावू, दोन वर्षांत चौघंही तिकडं." एकूण साडेचार लाख, त्यातले पन्नास हजार आगाऊ. ते मी दिले. पावतीवर फक्त 'सल्ला शुल्क' लिहिलंय. चौघांचे मूळ पासपोर्ट त्यांनी ठेवून घेतले आणि तीन कोऱ्या कागदांवर माझ्या सह्या घेतल्या.

घरी आल्यावर बायकोनं एकच विचारलं, "सही केली त्या कागदावर उद्या काय लिहिणार हायत?" त्या दिवसापासून झोप नाही.

दोन वर्षं हे खरं आहे का? आणि खरा वकील लागणारच असेल तर तो कोल्हापूरचा, मुंबईचा की अमेरिकेतला? आमच्या दुकानाची कामं बघणारे वकील आहेत, त्यांच्याकडून हे होईल का?

---

न्यूजर्सीतला_कोल्हापूरकर | रविवार, रात्री ११.४०

दादा, आधी एक सांगा. बहीण तिथली सिटिझन आहे की तिच्याकडं ग्रीन कार्ड आहे? बाकी सगळं यावर ठरतं. एजंटनं हे विचारलं होतं का?

---

शाहूपुरीकर | सोमवार, सकाळी ७.०५

विचारलं नव्हतं. आत्ताच बहिणीला फोन केला. २०२२ मध्ये ग्रीन कार्ड मिळालं, सिटिझन अजून नाही.

---

न्यूजर्सीतला_कोल्हापूरकर | सोमवार, सकाळी ८.३०

मग आज तुमची फाईल लागूच शकत नाही, दादा. भावंडांसाठी अर्ज फक्त अमेरिकेच्या नागरिकाला करता येतो, तोही वयाची २१ वर्षं पूर्ण असलेल्याला. ग्रीन कार्डवाल्याला नवराबायको आणि अविवाहित मुलांसाठी अर्ज करता येतो, भावासाठी नाही. साधारणपणे ग्रीन कार्डनंतर पाच वर्षांनी नागरिकत्वाचा अर्ज करता येतो. म्हणजे बहिणीचं २०२७ मध्ये.

त्यानंतर तिनं अर्ज केला तरी पुढं रांग आहे. या वर्गाला एफ-४ म्हणतात. सगळ्या जगासाठी वर्षाला ६५,००० व्हिसा, आणि कुठल्याही एका देशाला एकूण कोट्याच्या ७ टक्क्यांहून जास्त नाही. अमेरिकेचं परराष्ट्र खातं दर महिन्याला 'व्हिसा बुलेटिन' काढतं, कोणत्या तारखेच्या अर्जदारांचा नंबर लागलाय ते त्यात फुकट वाचायला मिळतं. २०२५ च्या बुलेटिनमध्ये भारतासाठी या वर्गात २००६ साली अर्ज केलेल्यांचा नंबर चालू होता. १९ वर्षं थांबलेली माणसं आत्ता मुलाखतीला चाललीत. तुमची रांग अजून सुरूही झालेली नाही.

आणि तुम्ही हे मुख्यतः मुलासाठी करताय, म्हणून सांगतो. मुलं आईवडिलांच्या अर्जात येतात ती २१ वर्षांच्या आत असतील तरच. अर्ज खात्याकडं मंजुरीसाठी जेवढा काळ पडून होता तेवढा वयातून वजा करतात, पण मंजुरीनंतर रांगेत गेलेली वर्षं वजा होत नाहीत. दहावीतला मुलगा नंबर लागेपर्यंत तिशी ओलांडेल. या वाटेनं तो जाणार नाही. हे आज वाईट वाटेल, पण साडेचार लाख भरल्यावर कळण्यापेक्षा आज कळलेलं बरं.

खर्चाचं म्हणाल, तर आय-१३० नावाचा हा अर्ज बहिणीनंच भरायचा असतो. एप्रिल २०२४ पासून सरकारी फी कागदावर ६७५ डॉलर, ऑनलाइन ६२५. कोरा फॉर्म यूएससीआयएस या अमेरिकेच्या इमिग्रेशन खात्याच्या संकेतस्थळावर फुकट आहे. अर्ज पोचला की तीन अक्षरं आणि दहा आकडे असा पावती क्रमांक येतो, तो कोणीही तिथं टाकून बघू शकतो. 'फाईल लावलीय' म्हणणाऱ्याकडं तो नंबर मागायचा. नंबर नसेल तर फाईलही नाही.

---

जोतिबाचा_गुलाल | सोमवार, सकाळी ९.१०

आमच्या भावकीतल्या एकाकडून 'ग्रीन कार्ड लॉटरी'चे आठ हजार घेतले होते. भारतात जन्मलेल्यांना ती लॉटरी भरताच येत नाही, हे पुढं वर्षभरानं कळलं.

---

कसबा_बावडा_कोर्ट | सोमवार, दुपारी २.२०

मी इथं जिल्हा न्यायालयात वकिली करतो. धागाकर्त्यांनी विचारलंय की दुकानाचे वकील हे काम करतील का. प्रामाणिक उत्तर देतो. अमेरिकेच्या किंवा कॅनडाच्या कायद्यावर सल्ला देणं आमचं काम नाही. आमची सनद इथल्या कायद्याची. प्रतिज्ञापत्र, नावातल्या फरकाचा खुलासा, दाखल्यांची दुरुस्ती, पोलीस पडताळणीत अडकलेला पासपोर्ट, एखादा गुन्हा प्रलंबित असेल तर परदेशी जायची कोर्टाची परवानगी, ही कामं मात्र आमचीच.

त्या शेवटच्या मुद्द्यावर थोडं जास्त लिहितो, कारण पोरं तारीख जवळ आल्यावर धावत येतात. गल्लीतल्या मारामारीत नाव आलंय, दोषारोपपत्र दाखल झालंय, आणि पासपोर्टच्या अर्जात 'केस नाही' लिहिलंय. तसं लिहू नका. पासपोर्ट कायदा १९६७ प्रमाणे फौजदारी खटला चालू असेल तर पासपोर्ट नाकारता येतो, पण १९९३ च्या अधिसूचनेनुसार ज्या कोर्टात केस आहे त्याची परवानगी आणली तर ठरावीक मुदतीचा पासपोर्ट मिळतो. वाट सरळ आहे. लपवलं तर माहिती दडवल्याचा वेगळा ठपका बसतो. परवानगीवरून वाद झाला तर पूर्वी मुंबई गाठावी लागायची. १८ ऑगस्ट २०२५ पासून उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच कोल्हापुरात बसतंय. कोल्हापूर, सांगली, सातारा, सोलापूर, रत्नागिरी, सिंधुदुर्ग या सहा जिल्ह्यांची ती सोय झाली.

आता धागाकर्त्यांसाठी. पासपोर्ट आजच परत मागा, आणि लेखी मागा. पासपोर्ट अडकवून ठेवायचा अधिकार कायद्यानं पासपोर्ट अधिकाऱ्याला आहे. सर्वोच्च न्यायालयानं २००८ मध्ये म्हटलंय की पोलिसांनासुद्धा तो जप्त करून कायमचा ठेवता येत नाही, मग कन्सल्टन्सीची काय कथा. कोऱ्या सह्यांचे कागद परत घ्या. देत नसतील तर पोलीस ठाण्यात अर्ज द्या आणि पोच घ्या. पैशासाठी जिल्हा ग्राहक आयोग आहे. पाच लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथं फी नाही, तक्रार दोन वर्षांच्या आत करायची.

अजून एक. बार कौन्सिलच्या नियमांप्रमाणे आम्हाला जाहिरात करता येत नाही. चौकातल्या फलकावर 'व्हिसा हमखास' आणि खाली 'ॲडव्होकेट' दिसलं, तर सनद क्रमांक विचारा.

---

न्यूजर्सीतला_कोल्हापूरकर | सोमवार, रात्री ११.५५

वकीलसाहेब, फार नेमकं लिहिलंत. तिकडचा वकील कसा शोधायचा ते मी लिहितो. माझ्या ग्रीन कार्डच्या वेळी दोन वकील बदलले, त्यातून शिकलो.

इमिग्रेशन हा तिथं केंद्राचा कायदा आहे. त्यामुळं कुठल्याही राज्याच्या बारचा वकील चालतो, बहीण न्यू जर्सीत आणि वकील टेक्सासात असला तरी बिघडत नाही. वकिलाचं नाव मिळालं की आधी त्याच्या राज्याच्या बारच्या संकेतस्थळावर शोधायचं. परवाना चालू आहे का, पूर्वी शिक्षा झालीय का, तिथं दिसतं. न्याय खातंही शिस्तभंगाची कारवाई झालेल्यांची यादी प्रसिद्ध करतं. आयला ही इमिग्रेशन वकिलांची संघटना आहे, तिच्या यादीतून नावं काढता येतात. सभासद असणं सक्तीचं नाही, पण सुरुवातीला बरं पडतं. ज्यांना परवडत नाही त्यांच्यासाठी काही सेवाभावी संस्थांत न्याय खात्यानं मान्यता दिलेले प्रतिनिधी असतात. ते वकील नसले तरी कायदेशीररीत्या हे काम करू शकतात.

मग तासाभराचा सल्ला विकत घ्यायचा. मी दोनशे डॉलर दिले होते. तेव्हा जड वाटले, पण त्या तासात समजलं की माझ्या एका कागदात तारीख चुकली होती. चांगला वकील पहिल्या भेटीत तुम्हालाच प्रश्न विचारत बसतो. किती वेळा आत आलात, कधी मुदतीपेक्षा जास्त राहिलात का, कधी व्हिसा नाकारला गेला का. तो निकालाची हमी देत नाही. काम घेतलं तर लेखी करार करतो, त्यात फी किती आणि कशाकशाची ते असतं, सरकारी फी वेगळी लिहिलेली असते. आणि जी-२८ नावाचा फॉर्म भरतो. ते आपल्याकडचं वकीलपत्रच समजा. तो भरला नाही तर खात्याच्या दृष्टीनं तुम्हाला वकीलच नाही.

एजंट ओळखायची माझी एक खूण आहे. आय-१३० सारख्या फॉर्ममध्ये शेवटी 'अर्ज तयार करणाऱ्याची सही' असा भाग असतो. दुसऱ्यानं भरून दिला तर त्यानं नावपत्त्यासह तिथं सही करायची. व्हिसाच्या डीएस-१६० अर्जातही 'भरायला कोणी मदत केली का' असा प्रश्न आहे. एजंटला म्हणा, तुम्ही भरलाय तर इथं तुमचं नाव घाला. नकार दिला की उठायचं.

---

टोरांटोचा_तांबडा | मंगळवार, सकाळी ६.२०

कॅनडाचं मी सांगतो, कारण इचलकरंजीच्या माझ्या मावसभावाचं यात फार नुकसान झालंय.

इथं पैसे घेऊन इमिग्रेशनचा सल्ला द्यायचा तर माणूस वकील हवा, क्वेबेकमधला नोटरी हवा, किंवा कॉलेज ऑफ इमिग्रेशन अँड सिटिझनशिप कन्सल्टंट्सचा परवानाधारक हवा. ओंटारियोत परवानाधारक पॅरालीगलही चालतात. हे कॉलेज नोव्हेंबर २०२१ मध्ये सुरू झालं, त्याची यादी ऑनलाइन उघडी आहे. माणूस भारतात बसलेला असला तरी हाच नियम.

भावाच्या एजंटचं नाव अर्जात कुठंच नव्हतं. ईमेल त्यानंच काढला, पासवर्ड त्याच्याकडं. यंत्रमागाच्या कारखान्यात भाऊ खरोखर कामाला होता, पण एजंटनं पगार आणि वर्षं वाढवून अनुभवपत्र जोडलं. भावाला ते पत्र निर्णय आल्यावर दिसलं. खोटी माहिती म्हणून पाच वर्षांची बंदी. अर्जावर सही भावाची, म्हणून जबाबदारी भावाची. साधा नकार आला असता तर दुरुस्त करून पुन्हा भरता आला असता. या पाच वर्षांत त्याचं वय वाढतंय आणि एक्स्प्रेस एंट्री या गुणांवर निवड करणाऱ्या योजनेत वयाचे गुण कमी होतायत.

कोणाकडूनही भरून घ्या, पण खातं तुमच्या ईमेलवर उघडा आणि पाठवायच्या आधी प्रत्येक पान स्वतः वाचा. इंग्रजी जमत नसेल तर भाचा-पुतण्याला बसवा शेजारी.

---

शिरोली_मोल्डर | मंगळवार, रात्री ९.३०

आमच्यासारख्यांना वकील परवडत नाही. मी फौंड्रीत मोल्डिंगला आहे. एजंट म्हणतो दुबईला व्हिजिट व्हिसावर जा, तिथं गेल्यावर कामाचा करून देतो. ऐंशी हजार मागतोय. दहावी नापास आहे. जाऊ का?

---

कसबा_बावडा_कोर्ट | मंगळवार, रात्री १०.०५

भावा, व्हिजिट व्हिसावर कामाला जाऊ नकोस. तुला वकिलाची गरज नाही, एका तपासणीची आहे.

दहावी पास नसलेल्यांच्या पासपोर्टवर ईसीआर असतं, म्हणजे परदेशी कामाला जायला मंजुरी लागते असा शेरा. आखाती देश धरून १८ देशांत नोकरीला जायचं तर अशा कामगाराला प्रोटेक्टर ऑफ एमिग्रंट्स या सरकारी अधिकाऱ्याची मंजुरी लागते. ती सरकारच्या ई-मायग्रेट पोर्टलवरून होते. १९८३ च्या कायद्यानं परदेशी नोकरी लावणाऱ्या एजंटला नोंदणी सक्तीची आहे, त्याच पोर्टलवर नोंदणीकृत एजंटांची यादी आहे. त्याला नोंदणी क्रमांक विचार आणि स्वतः बघ. कामगाराकडून जास्तीत जास्त ३०,००० रुपये आणि वर जीएसटी, एवढंच सेवाशुल्क घेता येतं, तेही पावती देऊन. ऐंशी हजार नाही.

रीतसर गेलास तर मालकाचा करार सरकारदरबारी नोंदला जातो, आणि प्रवासी भारतीय बीमा योजनेत अपघाती मृत्यू किंवा अपंगत्वाला दहा लाखांचं विमा संरक्षण मिळतं. व्हिजिटवर गेलास तर यातलं काहीच नाही. पगार दिला नाही तरी तक्रार करताना तूच बेकायदा ठरतोस.

---

शिरोली_मोल्डर | मंगळवार, रात्री १०.४०

क्रमांक विचारला साहेब. 'तुला जायचंय का चौकशी करायचीय' म्हणाला. नाही जात.

---

उसाचं_शिवार | बुधवार, दुपारी १२.५०

मुलगा गेल्या वर्षी अमेरिकेचा नागरिक झाला. आम्हा दोघांसाठी ग्रीन कार्डचा अर्ज करतो म्हणतोय. शिरोळ तालुक्यात आमचा चार एकर ऊस आहे. ग्रीन कार्ड घेतलं तर सातबारावरचं नाव जाईल का? आणि गळीत हंगामात आम्हाला इथंच राहावं लागतं. मुलाला विचारलं तर म्हणतो काही होत नाही, पण मनाला पटत नाही.

---

न्यूजर्सीतला_कोल्हापूरकर | बुधवार, रात्री ११.१५

काकू, तुमच्या अर्जाला वार्षिक कोट्याची रांग नाही, नागरिक मुलाचे आईवडील त्यातून वगळलेत. मुलानं तुमच्या उदरनिर्वाहाचं हमीपत्र द्यायचं, त्यासाठी त्याचं उत्पन्न ठरलेल्या मर्यादेच्या वर हवं. खरा प्रश्न तुमच्या राहण्याचाच आहे. ग्रीन कार्ड म्हणजे कायम तिथं राहणार असं कबूल करणं. सलग वर्षाहून जास्त बाहेर राहिलात तर ते कार्ड परतायला चालत नाही. सहा महिन्यांहून जास्तीच्या मुक्कामातही विमानतळावर चौकशी होते. जास्त काळ यायचंच असेल तर निघायच्या आधी, तिथं असतानाच, री-एंट्री परमिटचा अर्ज करायचा. ते साधारण दोन वर्षांचं मिळतं.

दरवर्षी हंगाम संपेपर्यंत इथं आणि मग चार महिने नातवंडांकडं, असं आयुष्य हवं असेल तर व्हिजिटर व्हिसा तुम्हाला जास्त सोसेल, असं मला वाटतं. पण एक लक्षात ठेवा. ग्रीन कार्डचा अर्ज एकदा केला की पुढं व्हिजिटर व्हिसाच्या फॉर्ममध्ये 'तुमच्यासाठी कोणी असा अर्ज केलाय का' याला 'हो' लिहावं लागतं, आणि परत येणार हे पटवणं अवघड होतं. म्हणून मुलानं अर्ज टाकायच्या आधी तासभर वकिलाशी बोलावं. तो तास इथं वाचवू नका.

---

कसबा_बावडा_कोर्ट | गुरुवार, सकाळी ८.४५

काकू, जमिनीची काळजी नको. ग्रीन कार्ड घेतलं तरी तुमचं भारतीय नागरिकत्व राहतं. परदेशी स्थायिक झाल्यावर नवी शेतजमीन विकत घेता येत नाही, पण इथं राहत असताना असलेली किंवा वारसानं आलेली जमीन ठेवता येते. सातबारावरून नाव जात नाही.

---

पेठेतली_सून | गुरुवार, रात्री १०.३०

सगळे वकिलांबद्दल लिहितायत, मी दाखल्यांबद्दल लिहिते. आमची फाईल वकिलामुळं नाही, माझ्या नावामुळं सात महिने रखडली.

लग्नात तांदळात नवीन नाव लिहिलं. पुढं पासपोर्ट त्या नावानं काढला. शाळा सोडल्याचा दाखला आणि शिवाजी विद्यापीठाची पदवी माहेरच्या नावानं. म्हणजे पहिलं नाव वेगळं, मधलं वेगळं, आडनाव वेगळं. आपल्याकडं कोणाला यात नवल वाटत नाही, तिकडच्या अधिकाऱ्यासमोर ही दोन वेगळी माणसं होती. विवाह नोंदणीच्या दाखल्यावर दोन्ही नावं नव्हती. शेवटी 'दोन्ही नावांची व्यक्ती एकच' असं प्रतिज्ञापत्र, राजपत्रातली नोंद आणि लग्नाचा दुरुस्त दाखला, असं तिन्ही जोडलं.

मग जन्माचा दाखला. बाळंतपण माहेरी, म्हणून माझी नोंद आजोळच्या नगरपालिकेत. नोंद सापडली, पण बाळाच्या नावाचा रकाना कोरा. त्या काळी बारशाच्या आधीच नोंद व्हायची आणि नंतर नाव घालायला कोणी जायचं नाही. नाव घालायला पंधरा वर्षांची मुदत असते, म्हणून तुमच्या मुलांचे दाखले आजच काढून बघा. नोंदच सापडली नाही तर निबंधकाकडून तसा 'अनुपलब्धतेचा' दाखला घ्यायचा आणि आईवडिलांचं किंवा जवळच्या वडीलधाऱ्यांचं शपथपत्र जोडायचं. माझी आई तेव्हा हयात होती म्हणून सोपं गेलं.

मराठी कागदांचं इंग्रजी भाषांतर लागतं. ते पूर्ण आणि बरोबर आहे, मला दोन्ही भाषा येतात, असं भाषांतर करणाऱ्यानं सहीनिशी लिहून दिलं की यूएससीआयएसला चालतं. यासाठी आमच्याकडून पानाला हजार रुपये घेतले होते.

---

पन्हाळ्याचं_धुकं | शुक्रवार, पहाटे ५.१०

रात्रभर झोपले नाही म्हणून आत्ता लिहितेय. मुलाची नोकरी काल गेली. एच-१बी या नोकरीच्या व्हिसावर आहे, कंपनीनं ग्रीन कार्डसाठी केलेला आय-१४० अर्ज मंजूर होऊन दोन वर्षं झाली. तो म्हणतो साठ दिवस आहेत. सामान आवरून परत ये म्हणू का?

---

न्यूजर्सीतला_कोल्हापूरकर | शुक्रवार, सकाळी ५.५०

मावशी, घाईनं परत बोलावू नका. साठ दिवस खरे आहेत, फक्त आय-९४ ची, म्हणजे तिथं राहायच्या परवानगीच्या नोंदीची, मुदत त्याआधी संपत असेल तर तेवढेच. या काळात नव्या कंपनीनं अर्ज दाखल केला की तो कामावर रुजू होऊ शकतो, मंजुरीपर्यंत थांबावं लागत नाही. आय-१४० मंजूर होऊन १८० दिवस उलटलेत, त्यामुळं जुन्या कंपनीनं आता ते मागं घेतलं तरी त्याची रांगेतली तारीख जात नाही आणि एच-१बीच्या सहा वर्षांपुढची मुदतवाढही त्यावर मिळते. ही त्याची मोठी पुंजी आहे.

त्यानं आज तीन गोष्टी कराव्यात. पगाराच्या शेवटच्या स्लिपा, आय-७९७ (खात्याची मंजुरीची नोटीस) आणि आय-१४० च्या प्रती कंपनीच्या खात्यातून स्वतःकडं घ्याव्यात. नोकरीचा शेवटचा दिवस कोणता धरला ते लेखी मागावं. आणि स्वतःचा वकील गाठावा. कंपनीचा वकील कंपनीनं नेमलेला असतो, आता दोघांचं हित एक राहिलेलं नाही. तुम्ही फक्त रोज फोन करा, मावशी. जेवलास का, एवढंच विचारा.

---

पन्हाळ्याचं_धुकं | शुक्रवार, सकाळी ६.१५

तुमचं उत्तर त्याला जसंच्या तसं पाठवलं. आत्ता बोललो. आय-१४० मागं घेतलं तरी तारीख जात नाही, हे त्याला माहीतच नव्हतं.

---

शाहूपुरीकर (धागाकर्ता) | तीन आठवड्यांनी, रविवार

सगळ्यांना कळवायचं राहिलं होतं.

वकीलसाहेबांनी सांगितल्याप्रमाणे लेखी अर्ज घेऊन गेलो, पोच मागितली. चारही पासपोर्ट आणि सह्यांचे कागद त्याच दिवशी मिळाले, ते कागद तिथंच फाडले. पैशातले तीस हजार परत आले, वीस हजारांसाठी ग्राहक आयोगात तक्रार तयार करतोय.

बहिणीनं तिकडं एका वकीलबाईंचा तास घेतला. आमची रात्र, त्यांची सकाळ, मीही व्हिडिओवर होतो. त्यांनी चाळीस मिनिटं आम्हालाच विचारलं आणि शेवटी म्हणाल्या, आज भरण्यासारखं काहीच नाही. बहीण नागरिक होईपर्यंत थांबा, नंतरही हा अर्ज मुलासाठी म्हणून करू नका. मुलाला जायचंच असेल तर त्यानं शिकून, स्वतःच्या प्रवेशावर जावं. हे मुलाला शेजारी बसवून ऐकवलं. तो म्हणाला, आधी दहावी होऊ दे.

एक काम मात्र त्यांनी आत्ताच करायला सांगितलंय. आम्ही सख्खे भाऊबहीण हे दोघांच्या जन्मदाखल्यांवरून सिद्ध करावं लागणार, आईवडिलांची नावं जुळायला हवीत. माझा दाखला कोल्हापूर महापालिकेचा, बहिणीचा आजोळचा, गडहिंग्लजचा. तिच्या दाखल्यात आईचं माहेरचं नाव लागलंय. बुधवारी गडहिंग्लजला जातोय. पेठेतल्या सूनबाई, जाताना काय काय न्यावं?

---

पेठेतली_सून | रविवार, रात्री ९.२०

आईचा शाळेचा दाखला, आईवडिलांच्या लग्नाचा काही पुरावा असेल तर तो, आणि रेशन कार्डाची जुनी प्रत न्या. दाखला मिळाला तरी मूळ नोंदवहीतल्या पानाची साक्षांकित नक्कल वेगळी मागा, दुरुस्ती करताना तीच लागते. अकराच्या आत पोचा, दुपारनंतर रेकॉर्डचा माणूस जागेवर सापडत नाही.